धाकट्याची ओळ

तिने शेवटच्या चौकटीत एकतीस लिहिले, खोडले, आणि स्क्रीनवरचा फोटो पुन्हा मोठा करून पाहिला.

फोटो धरणांच्या रोजच्या पाणीसाठ्याचा होता. खात्यातले कुणीतरी तो तक्ता छापून भिंतीला डकवी, मग मोबाइलने त्याचा तिरका फोटो काढून संकेतस्थळावर चढवी. छापायच्या आधी तक्ता संगणकातच होता, हे लक्षात आणून देणारा माणूस बहुधा निवृत्त झाला असावा.

अशा फोटोंचे पुन्हा खरे तक्ते करायचे, हे तिचे काम. खरा तक्ता असला की दृष्टी नसलेल्या माणसाला फोन तो वाचून दाखवतो, आधी धरणाचे नाव, मग आकडा. फोटो असला की 'चित्र' म्हणतो आणि गप्प बसतो. तिच्या आधीच्या माणसाने प्रत्येक फोटोला 'सुबक तक्ता' असे वर्णन जोडून ठेवले होते. त्याला बढती मिळाली.

सकाळपासून 'वरीलप्रमाणे' निस्तरून तिचे डोळे चुरचुरत होते. बघणारा वर बघू शकतो. ऐकणाऱ्याने कुठे बघायचे? म्हणून जिथे जिथे वरीलप्रमाणे, तिथे वरचे सगळे पुन्हा लिहायचे. आता एकच ओळ उरली होती. धाकट्याची.

ती एकुलती एक. तरी बाबा तिला थोरली म्हणत, कारण धाकटं म्हणजे धरण. ती रांगत होती तेव्हा बाबा त्याच्या बांधकामावर अभियंता होते आणि घरी पाहुण्यासारखे येत. काचबिंदूने डोळे गेले तशी ती रोज दुपारी डबा उघडून त्यांना फोनवर तक्ता वाचून दाखवू लागली. उन्हाळा चढला, बाकीची धरणे उतरत गेली. धाकटं तिच्या तोंडी एकतीस टक्क्यांवर ठाण मांडून बसले होते. फोटोत ते केव्हाच शून्याला टेकले होते.

"सगळी उतरली आणि हे जागेवर?" बाबांनी एकदा विचारले होते.

"बांधकाम चांगलं असेल."

"असेल म्हणजे?"

त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले, असे आईने सांगितले.

साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले.

"झालं का?"

"एक ओळ राहिलीय."

"शेवटची ना? ती कोण ऐकतंय. द्या ढकलून."

"एक जण ऐकतो."

"एक?" साहेबांनी मान डोलावली. "चांगला आकडा आहे. मागच्या कामाला तेवढेही नव्हते."

ते गेले. तिने पुन्हा एकतीस लिहिले. दिसायला बरे दिसत होते. फोटो इतका तिरका की कुणी तिला पकडलेही नसते. पण त्या धरणाच्या पाण्यावर जगणारी माणसेही उद्या फोन कानाला लावतील, आणि ती काही तिचे बाबा नव्हेत. तिने शून्य लिहिले आणि काम पाठवून दिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने डबा उघडला, पण फोन लावला नाही. तोच वाजला.

"थोरले, आज फोनमधल्या बाईने सगळं वाचलं. नाहीतर चित्र म्हणायची आणि फुगून बसायची."

"हो का?"

"नाव, मग आकडा. शिस्तीत. ज्यानं केलंय त्याला डोकं आहे."

"असेल."

"आवाज का ओढलेला तुझा? जेवलीस?"

"जेवतेय."

"मग जेव. रोज तू वाचतेस, आज मी वाचतो."

बाबा वाचू लागले. तिच्यासमोर तोच तक्ता उघडा होता. तिचे बोट ओळीओळीने खाली सरकत होते. एकही आकडा चुकला नाही. शेवटी ते थांबले, खाकरले.

"धाकटं. एकतीस."

तिचे बोट शून्यावर होते. तोंडातला घास तिने सावकाश गिळला.

"पुन्हा वाचा ना ती ओळ, बाबा. नीट ऐकू नाही आलं."

बाबांनी पुन्हा वाचली. या वेळी बत्तीस निघाले.