टोपीमागचं आकाश

कॅनडातल्या ओकव्हिलच्या त्या घराची रीतच होती. कुठूनही फिरून आलं की पुढच्या रविवारी दुपारी मित्रमंडळी बेसमेंटमध्ये जमणार, आधी पुरी-भाजी हाणणार आणि मग टीव्हीवर फोटो. रिमोट अरविंदरावांच्या हातात. निवृत्त इंजिनिअर, आवाज खणखणीत, आणि कुठलाही राजवाडा जणू आपणच बांधल्याच्या थाटात सांगायचे. त्यांच्या पत्नी सुहासिनीबाई तेव्हा वर चहा टाकत असायच्या.

यंदा मात्र त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, "इटलीचं मी सांगणार. चहा तुम्ही करा."

ही सहलच मुळी बाईंच्या मनातली. सलग दोन हिवाळे लायब्ररीतून पुस्तकं आणून त्यांनी रावेन्नातल्या मोझेइकांवरचं, म्हणजे काचेच्या तुकड्यांनी जडवलेल्या चित्रांवरचं, मिळेल ते वाचून काढलं होतं. तिथली ती बाहेरून साधी विटांची खोली, आणि आत पाऊल टाकलं की डोक्यावर सोनेरी चांदण्यांचं निळं छत! ते पाहून बाई चक्क रडल्या होत्या. आपल्या माणसांना ते दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

"बघू, किती जण जागे राहतात," म्हणत अरविंदराव चहाचा ट्रे घेऊन मागे बसले.

बाईंनी फोटो लावले. बोलोन्याच्या कमानी, मधोमध अरविंदराव. मोदेनाचं चर्च, दारात अरविंदराव. आणि ज्याच्यासाठी सारा अट्टाहास, त्या रावेन्नाच्या फोटोत लाल टोपी घातलेले अरविंदराव तोंडभर हसत होते. टोपीच्या कडेला बोटभर निळं काहीतरी दिसत होतं. पुढचा फोटो तसाच, त्याच्या पुढचाही.

"अरविंदराव, टूरिझमवाल्यांनी तुम्हाला हायर केलं की काय?" मित्रांपैकी चारुदत्त ओरडले. बेसमेंट खो खो हसलं.

चूक बाईंचीच. आयुष्यभर कॅमेरा त्यांच्या हातात, आणि नवऱ्याला मधोमध घ्यायची हाताला सवय. घरी आल्यावर फोटो उघडून बघावेत, हेही सुचलं नव्हतं.

"लव्हली ट्रिप हां, सुहासिनीताई," म्हणत शेजारच्या उमाताई पर्स शोधू लागल्या.

"बसा, उमाताई." बाईंनी टीव्ही बंद केला, दिवे मालवले. "सगळ्यांनी माना मागे टाका. आता वर बघा."

फोनचा टॉर्च बेसमेंटच्या कोऱ्या छतावर धरून त्या सांगू लागल्या. इथे मधोमध सोन्याचा क्रॉस. भोवती चांदण्यांची रिंगणं, आतल्या चांदण्या बारीक, बाहेरच्या मोठ्या, म्हणून छत वर वर जातंय असं वाटतं. खिडक्यांना काचा नाहीत, दगडाचे पातळ पापुद्रे आहेत, त्यातून येणारा उजेड मधाच्या रंगाचा. काचेचे नखाएवढे तुकडे एकेक करून बसवलेले, आपण हललो की चांदण्या लुकलुकतात. टॉर्च सरकेल तशा माना फिरत होत्या. बाई एकदाही अडखळल्या नाहीत.

दिवे लागले तरी कुणी जागचं हललं नाही. चहा गार होऊन गेला होता.

"अरविंदराव, तुम्ही तर तिथे होतात," चारुदत्तांनी विचारलं. "इज इट रिअली लाइक दॅट?"

अरविंदरावांनी हातातला कप खाली ठेवला.

"काय सांगू? मी सगळीकडे कॅमेऱ्याकडेच बघत होतो." मग बायकोकडे वळून म्हणाले, "सुहास, परत जाऊया का गं? मला बघायचंय ते."

"जाऊ की," बाई म्हणाल्या. "टोपी घरी ठेवा. आणि तिथे माझ्याकडे नाही, वर बघायचं."