सुतारकाकांच्या खिशातलं तूस

मी एक जुना तुसाचा गोळा आहे. मित्रांनो, तूस म्हणजे कापडाची झडलेली लव. शब्दकोशात आम्हाला जेमतेम एक ओळ मिळते. काळ्या पँटवर दिसलो की लोक चिमटीत धरून फेकतात, पुसलेल्या चष्म्यावर उरलो तर फुंकर मारतात, आणि बेंबीत सापडलो तर कुणाला सांगतही नाहीत.

माझा जन्म एका सुताराच्या कोटाच्या उजव्या खिशात झाला. काम करता करता पेन्सिलीचा तुकडा न बघता खिशात टाकायची काकांना सवय. त्यांच्या बोटांनी अस्तराची लव सुटत गेली, तिच्यात लाकडाचा भुसा आणि शिसाची पूड मिसळली, आणि बावीस वर्षांत मी चांगला बोराएवढा झालो. माझं कौतुक एकदाच झालं. खिसा चाचपताना काकू म्हणाल्या, "अहो, हे काय जनावर पाळलंय?"

"राहू दे गं. बोटांना सोबत होते," काका म्हणाले.

मग काका गेले. मुलाने त्यांचा रंधा जपून ठेवला, फोटोला चौकट केली. माझी दखल फक्त काकूंनी घेतली. दुपारी घरात कुणी नसलं की त्या कपाट उघडायच्या, खिशात हात घालून मला बोटांत फिरवायच्या आणि ती बोटं नाकाशी न्यायच्या. भुशाचा वास यायचा, म्हणजे काकांचाच. मग कपाट बंद करून भाजी निवडायला बसायच्या. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी काय?

मुलगा गुणी. आईला बरं वाटावं म्हणून त्याने कोट गुपचूप लाँड्रीत दिला. लाँड्रीवाला कामाचा पक्का. खिसे उलटे करून कोपऱ्याकोपऱ्यात ब्रश मारायचा त्याचा नेमच होता. मी केराच्या डब्यात पडलो. डब्याला झाकण नव्हतं, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं.

तिसऱ्या दिवशी मुलगा आईला घेऊन आला.

"काकू, कणसुद्धा ठेवला नाही बघा," लाँड्रीवाला म्हणाला. "भुसाच भुसा होता हो आत!"

काकूंनी खिशात हात घातला, पार तळापर्यंत. बराच वेळ तो बाहेर काढलाच नाही. मी दोन हातांवर होतो, पण तुसाला हाक मारता येत नाही.

"काही राहिलंय का गं आत?" मुलाने विचारलं.

"नाही रे."

"अगदी नवा वाटतोय ना?"

"हो. नवाच झालाय," काकू म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पोरगा खूश झाला.

मित्रांनो, स्वच्छता जरूर पाळा. तिच्याविरुद्ध बोलायला मी कोण? फक्त, गेलेल्या माणसाचा खिसा उलटा करण्याआधी मागे राहिलेल्यांना एकदा विचारा. "काही नाही रे, कचरा असेल," असंच ते म्हणतील. तरीही जरा थांबा.