तोंड बंद, लक्ष रस्त्यावर

भिंगरीची आई गाडी शिकवायची शाळा चालवायची आणि भिंगरी स्वतः गाडीच्या परीक्षेत तीनदा नापास झाली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच! आता चौथ्यांदा आपटली, तर फुलांच्या दुकानातली डिलिव्हरीची नोकरी हातची जाणार होती. एका जागी बसावं न लागणारी तेवढी एकच नोकरी तिला आजवर सापडली होती.

आईचा मंत्र ठरलेला: "तोंड बंद, लक्ष रस्त्यावर." बाकीचे त्यावर पास व्हायचे. भिंगरीने तोंड बंद केलं की लक्ष तडक निघायचं, समोरच्या पाटीवरची चुकलेली वेलांटी दुरुस्त करायला. मग आई ओरडायची, "आणि आरसा कशाला लावलाय गाडीला? भांग पाडायला?"

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "एडीएचडी आहे हा. लक्ष कमी नाही हो तिच्याकडे, ते उंडारतं. दिसेल ते मोठ्याने बोलत चालवू दे, म्हणजे ते लक्ष गाडीत बसून राहील." आईने नाक मुरडलं होतं. "काहीतरी थेरं! अर्धं शहर शिकवलं मी, ते काय बडबड करत?"

परीक्षेला आरटीओचे साहेब शेजारी बसले, आई मागे. "बोलायचं नाही," साहेबांनी बजावलं. भिंगरीने तोंडाला कुलूप लावलं. पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. मग तिला साहेबांच्या कानातला केस दिसला. एकच, पण काय केस! जपलाय की विसरलाय, या विचारात सिग्नल कधी लाल झाला ते तिला कळलंच नाही.

"अगं बोल!" मागून आई किंचाळली. "तोंड उघड, माझे बाई, बोल!"

भिंगरीने करकचून ब्रेक दाबला आणि तोंड सोडलं. "सिग्नल लाल, थांबले. हिरवा, निघाले. सायकलवाला हात दाखवत नाहीये, पण वळणार. वळला. आजींची पिशवी फाटलीये, बटाटा पडणार, मागोमाग आजी येणार, थांबले. साहेबांच्या कानात केस, रस्त्याशी संबंध नाही, सोडला."

साहेब गप्प बसवणारच होते, पण आजी खरंच बटाट्यामागे गाडीपुढे आल्या आणि साहेबांनी आपलंच तोंड मिटलं. शेवटी "पास" एवढंच म्हणाले आणि कानावर हात ठेवून उतरले.

परतताना भिंगरी गप्प होती.

"बोल की," मागून आई म्हणाली.

"समोर लाल बस. उजवीकडे खड्डा. आरशात आई, रडतेय."

"रडत नाहीये मी, डोळ्यात कचरा..." आई थबकली. "अगं, तू आरशात बघितलंस!"

आणि मग मात्र ती खरंच रडली.