बेलार्मिनोची मोकळी दुपार

चिरूट वळताना हात गुंततात, कान मोकळे राहतात. म्हणून हवानातल्या आमच्या कारखान्यात आम्ही कामगारांनीच वर्गणी काढून एक वाचक ठेवला होता. एव्हारिस्तो उंच खुर्चीवर बसून दिवसभर वाचायचा. आवडलं की आम्ही पानं कापायची पाती फळीवर ठोकायचो.

त्या सकाळी त्याने एका समाजवादी विचारवंताचं पत्रक वाचलं. यंत्रं आली तरी माणूस जास्तच राबतो, कारण यंत्र त्याचं नसतं. थोडे तास काम पुरे, उरलेला दिवस ज्याचा त्याला मिळावा. पाती खणाणली. गप्प राहिला तो फक्त बेलार्मिनो, आमच्यातला सर्वांत जुना. रविवारीसुद्धा घरच्या अंधाऱ्या खोलीत वळत बसणारा माणूस.

"काय म्हातारबा, पटलं नाही?" मी विचारलं.

"बोलाचीच कढी, बाबा. कासिल्दा हा महिना काढत नाही म्हणतात. द्या मला उरलेला दिवस. कुठून देता?"

बायकोचं त्याने कधी बोलून दाखवलं नव्हतं. संध्याकाळी ठरलेला माल भरला नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर दुसरा बसणार.

आम्हाला रोज स्वतःला ओढायला चार चिरूट वळायची मुभा होती. आपलं म्हणावं असं तेवढंच. त्याचा माल भरावा म्हणून मी माझे चार त्याच्या फळीवर ठेवले.

"माझा खोकला तरी जाईल," म्हणत शेजारच्या प्राक्सेदेसने आपले ठेवले. मग ओळच लागली. स्वतःसाठी कोणी वाईट वळत नाही, त्यामुळे मालकाला फुकटात उत्तम माल मिळाला. त्याचा मला अजून राग येतो.

माल भरला, आता घरी जा म्हटलं तरी बेलार्मिनो उठेना. "घरी जाऊन करू काय?"

"तिच्याजवळ बसा," मी म्हणालो, आणि त्याला हाताला धरून घरी नेलं.

अंगणात खाटेवर पडलेली कासिल्दा आम्हाला बघून दचकली. "कोण गेलं?"

"कोणी नाही," तो म्हणाला.

"मग तू भरदुपारी कसा?"

त्याने टोपी काढून हातात घेतली.

"आलायस तर खुर्ची इकडे उन्हात घे," ती म्हणाली. तो बसला. तिने हळूच त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"अरे, केस सगळे पिकले की. कधी पिकले?"