दोनशे पंधरा पौंड

उन्हाळ्याच्या सुट्टीत ओन्नी लहटीचं वजन वाढतं, हे गावात कुणाला सांगायची गरज नव्हती. शाळेत सुतारकाम शिकवणारा हा पन्नाशीचा मास्तर जूनमध्ये पट्टा ज्या भोकात अडकवून तळ्याकाठच्या घरी जायचा, सप्टेंबरात त्याच्या दोन भोकं पुढे अडकवून परत यायचा. शाळेच्या पहिल्या दिवशी पोरं त्याच्या पोटाकडे बघून एकमेकांना कोपरखळ्या मारायची आणि हाही त्यांच्यात सामील होऊन हसायचा. पुढे बर्फ पडायला लागलं, फावडं हातात आलं, की वाढलेलं आपोआप उतरायचं. मिशिगनच्या उत्तर टोकाला बर्फाला तोटा नाही.

या वर्षी मात्र ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. सप्टेंबरच्या दहा तारखेला त्याला मोठ्या हॉस्पिटलातल्या वजनकाट्यावर उभं राहायचं होतं. काटा दोनशे पंधरा पौंडांच्या आत राहिला, तर त्याची एक किडनी काढून थोरल्या बहिणीला, साइमाला, बसवणार होते. वर गेला तर नाही. सर्जन बाई रोखठोक होती. तिनं सांगितलं, की एकाचा जीव वाचवायला दुसऱ्याचा धोक्यात घालणाऱ्यातली मी नाही, त्या आकड्याच्या वर एक पौंडही चालणार नाही. मग साइमाचं नाव किडनीची वाट बघणाऱ्यांच्या यादीत जाणार होतं आणि यादीत चार-चार, पाच-पाच वर्षं वाट बघावी लागते. साइमाकडे तेवढी वर्षं नव्हती. डायलिसिससाठी टोचून टोचून तिच्या डाव्या हाताची नस दोनदा निकामी झाली होती, आता उजव्या हातावर भागत होतं, आणि तिसरा हात देवानं कुणालाच दिलेला नाही.

जूनमध्ये मास्तर दोनशे आठ पौंड होता. म्हणजे सात पौंडांची मुभा होती, आणि सात पौंड म्हणजे काही थोडे नव्हेत, असं त्याला वाटलं.

साइमाचं लग्न झालं नव्हतं आणि ओन्नीचं टिकलं नव्हतं. त्यामुळे सुट्टीभर वडिलांनी बांधलेल्या त्या दोन खोल्यांच्या लाकडी घरात दोघंच असायची. यंदा ओन्नीनं पहाटे उठून तळ्याच्या पलीकडच्या काठापर्यंत होडी वल्हवत न्यायचा नेम धरला. बिअर सोडली. लाकूड फोडायला घेतलं, गरज नसताना फोडलं, त्याची रास खिडकीच्या वर गेली. स्वयंपाक साइमाच्याच हातात होता आणि तिनं पहिल्याच दिवशी त्याला ठासून सांगितलं होतं, की यंदा सगळं पथ्याचं. दूध साय काढलेलं, लोणी नावाला, पाव एकच चकती. आठवड्यातून दोनदा माशाचं दुधाळ कालवण व्हायचं. रविवारी ओव्हनमधला जाड पॅनकेक. सकाळी कॉफीबरोबर वेलदोड्याच्या पावाची ती एक चकती, चांगली अंगठ्याएवढी जाड. ओन्नी मिटक्या मारत खायचा आणि म्हणायचा, की पथ्य असं असेल तर मी जन्मभर पाळीन. लाकडाचा नुसता वास घेऊन हा ओक की मेपल ते सांगणारा माणूस, पण ताटातलं काही त्याला ओळखता आलं नाही. जिभेच्या बाबतीत मास्तर कायम दुसरीतच राहिला.

वजन करायची वेळही त्यानं आपल्या सोयीची धरली. फिनलंडहून येऊन त्या भागात वसलेल्या प्रत्येक घरासारखी त्यांच्याही अंगणात सौना होती, लाकडाच्या भट्टीवर तापणारी वाफेची खोली, आणि शनिवारची सौना कुणी चुकवत नाही. बाहेरच्या कपडे बदलायच्या खोलीत वडिलांच्या वेळचा काटा पडलेला होता. ओन्नी तासभर वाफेत बसायचा, घामाघूम व्हायचा, तळ्यात बुडी मारायचा, परत आत बसायचा, आणि मग अंग पुसून त्या काट्यावर उभा राहायचा. वडीलही तसंच करायचे, आजोबाही. स्वच्छ माणसाचं खरं वजन, असं घरात म्हणायची पद्धत होती. जुलैच्या मध्याला काटा दोनशे अकरा म्हणाला, ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी दोनशे तेरा, पुढच्या शनिवारी दोनशे चौदा. ओन्नीच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यानं वल्हवणं वाढवलं आणि ताटातला एक बटाटा कमी केला. साइमा म्हणाली, की वल्ही मारून दंड भरलेत, ते वजन आहे. ते ऐकायला बरं वाटलं, म्हणून त्यानं ते खरं मानलं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार तो तिला चाळीस मैलांवरच्या गावी डायलिसिसला न्यायचा. तिथं तिचंही वजन व्हायचं, आत जाताना एकदा आणि बाहेर येताना एकदा, अंगात किती पाणी साठलं आणि किती काढलं ते कळायला. दोन पेले पाणी जास्त प्यायली तरी काटा चुगली करायचा. दोघांचं आयुष्य त्या उन्हाळ्यात काट्यावर येऊन ठेपलं होतं. तिनं पाणी जपायचं, यानं चरबी जपायची.

ऑगस्टच्या तिसऱ्या बुधवारी साइमाला आत नेल्यावर ओन्नी तिथंच घुटमळला. काटा मोकळा होता. यंत्रं सांभाळणारी जॅनेल त्याला दोन वर्षांपासून ओळखत होती, तिनं विचारलं, "काय मास्तर, तुम्हालाही जोडू का मशीनला?" तो हसला, बूट काढले, खिशातल्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या आणि सहज म्हणून काट्यावर चढला.

दोनशे एकोणीस.

त्यानं उतरून परत चढून बघितलं. कपड्यांचा एक पौंड सोडा, जॅनेल म्हणाली, दोनशे अठरा. ओन्नीनं सौनाच्या काट्याचं सांगितलं तेव्हा ती त्याच्याकडे बघतच राहिली. तिचा नवराही फिनिश होता, त्यामुळे तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती हळू आवाजात म्हणाली, की तीन पौंड घाम गाळून मग वजन करता, आणि संध्याकाळी तेच पाणी पिऊन भरून काढता, तर तुम्ही फसवलंत कुणाला? पुढचे चार तास ओन्नी बाहेरच्या बाकावर बसून होता. तीन पौंड जास्त, आणि हातात तीन आठवडे. उतरवता येतील, पण वाढले कशाने हेच कळत नव्हतं. तोंड बांधून, घाम गाळून माणूस फुगतो कसा?

परतताना साइमा मागच्या सीटवर डोळे मिटून पडली होती. डायलिसिसनंतर तिच्यात बोलायचं त्राण नसायचं. वाटेत तो ह्युगोच्या दुकानापाशी थांबला. कॉफी आणि मेणबत्त्या घ्यायच्या होत्या. ह्युगोनं न विचारता फ्रिजमधून क्रीमचे दोन मोठे डबे काढून पिशवीत ठेवले आणि म्हणाला, की साइमाचं नेहमीचं, पोस्टाच्या गाडीबरोबर पाठवणारच होतो, आलाच आहात तर घेऊन जा. लोणीही द्यायचं का, की गेल्या आठवड्याचं उरलंय?

ओन्नी पिशवी घेऊन उभा राहिला. डॉक्टरांनी साइमाला दूध, दही, क्रीम सगळं बंद केलं होतं, दोन वर्षं झाली. घरात तिसरं माणूस नव्हतं. दर आठवड्याला येणारं हे क्रीम एकाच पोटात जात होतं.

घरी आल्यावर त्यानं तिला खोलीत पोचवलं. ती झोपली, पाचच्या सुमाराला उठली, स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर बसली. त्यानं दोन्ही डबे तिच्यासमोर मांडले.

"ह्युगोनं दिले. म्हणाला, नेहमीचं."

साइमा डब्यांकडे बघत राहिली. थाप मारायला तिला भरपूर वेळ मिळाला होता, पण ती मारली नाही. "हो," ती म्हणाली, "नेहमीचंच."

"आज मी दोनशे अठरा भरलो."

"भरणारच. सौनातून निघालेल्या माणसाचं कुणी वजन करतं का? आपले बाबा करायचे ते हौस म्हणून. तू गाढव आहेस, हे मला जुलैतच कळलं होतं."

"आणि तू गप्प बसलीस."

"बसले."

ओन्नीच्या अंगाचा भडका उडाला. तिला मरायची एवढी घाई झाली आहे का, असं तो बोलून गेला. साइमा मात्र रागावली नाही. तिनं डबे एका बाजूला सरकवले.

"मरायची हौस नाही मला. तुला कापलेलं बघायचं नाही."

आई गेली तेव्हा ओन्नी चार वर्षांचा होता आणि साइमा सतरा. वडील जंगलात लाकूडतोडीला, महिना महिना येत नसत. बटाटे आणि खारवलेला मासा यांवर दोन हिवाळे काढले होते तिनं. स्वतः किती खाल्लं ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. ओन्नीला त्यातलं फारसं आठवत नव्हतं. त्याला एवढंच आठवायचं, की आपल्याला भूक लागलेली कधी आठवत नाही.

"तुला गालगुंड झालं होतं तेव्हा मी सहा मैल बर्फातून डॉक्टरला आणायला गेले होते," साइमा म्हणाली. "एवढं जपलेलं अंग. त्यात सुरी घालायची, त्यातला तुकडा काढायचा, आणि तो मी घालून फिरायचं? त्रेसष्ट वर्षं झाली मला. तू ऑपरेशनच्या टेबलावरून उठला नाहीस तर मी त्या किडनीचं काय करू?"

"मग नको म्हणायचं होतंस."

"कधी म्हणायचं होतं? तू विचारलंस कधी?" आता तिचा आवाज चढला. "ईस्टरला चर्चमध्ये उभा राहिलास आणि सगळ्यांना सांगून मोकळा झालास. बायका माझ्या गळ्यात पडून रडल्या. पास्टरनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या गर्दीत मी नको म्हणू? सगळं गाव म्हणालं असतं, भाऊ जीव देतोय आणि ही नखरे करते. म्हटलं, आपण कशाला बोलायचं, काट्यालाच नाही म्हणू दे. तुझाही शब्द राहील, माझाही. आणि दोष कुणाचाच नाही."

ओन्नी समोरच्या खुर्चीवर बसला. तिचं खरं होतं. मार्चमध्ये स्वतःची तपासणी करून घेतली, रक्त जुळलं म्हणून नाचत घरी आला, डॉक्टरांना फोन केला, पास्टरला सांगितलं, शाळेत सांगितलं. देणारा आपण, त्यामुळे घेणाऱ्याला काही म्हणायचं असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. आणि लाजेच्या खाली, बऱ्याच महिन्यांपासून दडपून ठेवलेली भीती होती.

"तू गेलीस तर माझं कोण आहे?" तो म्हणाला. एवढं सरळ तो कधी बोलला नव्हता. "मी काही मोठं मन करून देत नाहीये, साइमा. मला एकट्यानं राहायचं नाही म्हणून देतोय. मलाच हवी आहेस तू."

ती खिडकीबाहेर बघत होती. तळ्यावर वारा सुटला होता.

"आता विचारतो," तो म्हणाला. "घेशील?"

साइमा टेबलाला धरून उठली, आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ओन्नी अंधार पडेपर्यंत तिथंच बसला. आत तिच्या हिंडण्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला. ती नाही म्हणाली तर ऐकायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं.

सकाळी तो होडी घेऊन गेला आणि नेहमीपेक्षा उशिरा परतला. उत्तर काय असेल त्याला ठाऊक नव्हतं, आणि काठाकडे वल्ही मारायला हात उचलत नव्हता. स्वयंपाकघरात चुलीवर कॉफीचं भांडं होतं. साइमा कपडे करून, केस विंचरून टेबलाशी बसली होती. त्याच्या जागेवर ताट मांडलेलं होतं. त्यात एक उकडलेलं अंडं, राय धान्याच्या पावाची पातळ चकती, अर्धी काकडी. पावाला काही लावलेलं नव्हतं. कॉफी काळी.

तो ताटाकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. तिचे डोळे सुजले होते.

"सावकाश खा," साइमा म्हणाली. "चावून खा. तेवढंच आहे."

त्यानं सावकाश खाल्लं. तरी चार-पाच मिनिटांत संपलं. बोटानं ताटातला पावाचा शेवटचा कण टिपला. समोर साइमा दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. एकदा तिचा उजवा हात, पट्टी बांधलेला, पावाच्या डब्याकडे निघाला आणि अर्ध्या वाटेतून मागे आला.

"पोट भरलं?" तिनं विचारलं.

"नाही," तो म्हणाला.

साइमानं मान डोलावली आणि त्याच्यासमोरचं ताट उचललं.