रामिरोचा खोकला

रेखानं लॅपटॉपखाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा सरकवला, तरी पडद्यावर रामिरोची हनुवटीच दिसत होती. मग तिनं त्याला खुर्चीवरून उठवलं आणि लेकीच्या, शिवांगीच्या बुटक्या वेताच्या मोढ्यावर बसवलं. साडेसहा फुटांचा तो मुलगा गुडघे पोटाशी घेऊन निमूटपणे बसला. एरवी यावरून त्यानं घर डोक्यावर घेतलं असतं, शिवांगीला हाक मारून तिचाच मोढा मोडण्याचं नाटक केलं असतं. हल्ली तो सांगितलेलं सगळं मुकाट करत होता. रेखाला त्याच्या रडण्यापेक्षा या शहाणपणाचीच जास्त भीती वाटत होती.

रामिरो अर्जेंटिनातल्या बाहिया ब्लांका गावचा. तिकडे म्हणे पोरं चालायच्या आधी बास्केटबॉल हातात घेतात. मस्कतच्या एका क्लबनं त्याला एका हंगामासाठी आणलं होतं, आणि क्लबच्या ऑफिसचा सगळा कारभार रेखाचा नवरा राजीव बघायचा, म्हणून त्याला राहायला जागा मिळाली ती अल् खुवैरमधल्या यांच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. पहिल्याच आठवड्यात राजीवनं त्याला जेवायला बोलावलं आणि त्याचा रामभाऊ करून टाकला. रामभाऊनं वरणभात हातानं खाल्ला, आमटी दोनदा मागून घेतली, आणि तेव्हापासून त्याचं ताट या घरात मांडलेलंच असायचं. हा हंगाम संपला की त्याला स्पेनमधल्या एका संघात जायचं होतं. आपल्याकडच्या क्रिकेटवाल्या पोरांना मुंबईच्या संघाचं जे वाटतं, तेच त्याला त्या स्पेनचं वाटत होतं. वय बावीस. आईला त्यानं फोनवर सांगून ठेवलं होतं की पुढचा नाताळ आपण सगळे तिकडेच करू.

आणि मग त्याला खोकला झाला.

हिवाळ्यात मस्कतमध्ये धूळ उठते, त्यात एसी, त्यात हा सराव संपल्या संपल्या बर्फाचं पाणी पिणार. रात्री वरच्या मजल्यावरून ठसका ऐकू यायचा. रेखाच्या घरात शिवांगीच्या दम्यासाठी बाबांच्या पुड्या कायम असत. रेखाचे वडील म्हणजे राजापूरचे जोगळेकर वैद्य; तीन पिढ्यांचं दम्याचं चूर्ण, लांबलांबून माणसं यायची. पुडीवर नाव नाही, गाव नाही, साधा पांढरा कागद. त्यात काय काय पडतं ते घराण्याबाहेर सांगायचं नाही अशी रीत. रामिरो तसा सावध होता. कुठलंही औषध विचारल्याशिवाय घ्यायचं नाही हे त्याला सोळाव्या वर्षापासून पढवलेलं. त्यानं विचारलंसुद्धा. क्लबचा माणूस म्हणून राजीवलाच विचारलं. राजीव म्हणाला, अरे घरचंच आहे, झाडपाला, आमची मुलगी घेते, आयुर्वेदात साइड इफेक्ट नसतो. आपल्याकडे कोण वेगळं बोललं असतं? रेखानं मधात कालवून चमच्यानं त्याला भरवलं, अगदी शिवांगीला भरवते तसं. तीन दिवसांत खोकला गेला. त्याच आठवड्यात मोठा सामना झाला, रामिरोनं एकट्यानं तो जिंकून दिला, आणि सामन्यानंतर लघवीचा नमुना घ्यायला माणसं आली.

नमुन्यात इफेड्रिन निघालं. खेळाडूंना बंदी असलेलं उत्तेजक. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, पण इथे त्या मारुतीनं पोराचं आयुष्यच उचलून नेलं होतं. दोन वर्षं बाहेर बसावं लागेल असं पहिल्याच ईमेलमध्ये होतं. दोन वर्षं बसलेल्या खेळाडूला स्पेन सोडाच, त्याच्या गावचा क्लबही उभं करणार नाही, हे रामिरोनंच शांतपणे समजावून सांगितलं. स्पेनवाले म्हणत होते, तीन-चार महिन्यांवर निभावलं तर थांबतो, नाहीतर दुसरा बघतो.

रेखाला मात्र पहिल्या क्षणी कळलं होतं. सोमलता. लहानपणी सुट्टीत बाबांच्या दवाखान्यात बसून तिनं स्वतः खलात ती काडी कुटली होती. उत्तरेतून पोतं यायचं, बाबा तिला म्हणायचे, ही छाती मोकळी करते बरं का. तिनं नेटवर नाव घालून पाहिलं, तर इफेड्रिन त्याच काडीत असतं. ती धावत स्वयंपाकघरात गेली तर पुड्यांचा डबा रिकामा. ईमेल आल्या दिवशीच राजीवनं सगळ्या पुड्या संडासात ओतून पाणी सोडलं होतं. घाबरला होता, दुसरं काय. बिनलेबलची पावडर घरात, त्यात असं काही निघालेलं, क्लबचाच माणूस. अर्बाबच्या, म्हणजे क्लबच्या ओमानी मालकाच्या, कानावर गेलं असतं तर नोकरी खलास. रेखानं त्याला बोल बोल बोलून घेतलं, पण वाहून गेलेली पुडी काही परत येत नव्हती.

रामिरोची वकीलबाई ब्युनॉस आयरिसला होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि सरळ सांगितलं की रेखाच्या शब्दाला वजन नाही. तिनं ते बनवलेलं नाही, आणि ती मुलाच्या बाजूची. नवी पुडी तपासूनही उपयोग नाही, ती रामिरोनं घेतलेली नव्हे. पण बनवणाऱ्या वैद्यानं स्वतः सुनावणीत सांगितलं की हो, माझ्या चूर्णात ही वनस्पती असते, तर मुलानं फसवलेलं नाही हे सिद्ध होईल, आणि दोन वर्षांचे काही महिने होतील. सुनावणी उद्या होती. तिथे चौकशी समितीचा दुभाषा असणार होता. आज वकीलबाईला फक्त खात्री करून घ्यायची होती की म्हातारा काय बोलणार, म्हणजे त्याला साक्षीला बसवायचं की नाही ते ठरवता येईल. भाषांतर रेखा करणार होती.

रेखानं आदल्या आठवड्यात बाबांशी बोलून घेतलं होतं. रीत मोडायची म्हणजे बाबांना जड जाणार, पण शेवटी ते म्हणाले होते, पोराच्या पोटापाण्याचा प्रश्न आहे, सांगू. त्या एका शब्दावर रेखा आठवडाभर झोपली होती.

पडद्यावर एका चौकोनात वकीलबाई आली, मागे सकाळचं ऊन. दुसऱ्या चौकोनात बाबा, दवाखान्यातल्या बरण्यांना फोन टेकवून बसलेले, दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा. रामिरोनं त्यांना हात जोडले. बाबांनी मान किंचित हलवली, पण त्याच्याकडे पाहिलं नाही.

वकीलबाईनं प्रश्न विचारला. रेखानं तो मराठीत केला.

"बाबा, त्या विचारतायत, दम्याच्या चूर्णात सोमलता असते का?"

"नाही," बाबा म्हणाले.

रेखाला वाटलं, आवाज नीट गेला नसेल. तिनं पुन्हा विचारलं.

"नाही म्हणून सांग त्यांना. कधीच नव्हती."

"बाबा, मी स्वतः कुटलीय ती."

"तू लहान होतीस. तुला काय आठवतंय."

वकीलबाई थांबून राहिली होती. रामिरोही. बाप-लेकीचं बोलणं समजणारं दुसरं एकच माणूस जवळपास होतं, आणि ते स्वयंपाकघरात चहाचे कप काढत होतं. बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला.

"हे बघ रेखा. राजीवरावांचा परवा फोन आला होता. मी हो म्हटलं की सगळं तुझ्यावर येणार. पावडर तू नेलीस, तू दिलीस. परमुलूख आहे तो. उद्या पोलीस दारात आले तर मी म्हातारा राजापुरातून काय करणार आहे? मुलगा चांगला असेल. असेलच. पण माझी पोर तू आहेस."

स्वयंपाकघरातला कपांचा आवाज बंद झाला. रेखानं वळून पाहिलं. राजीव दारात ट्रे घेऊन उभा होता, आणि तिची नजर गेल्यावर त्यानं ट्रेमधले चमचे सारखे करायला घेतले. तो ट्रे हिसकावून भिंतीवर मारावा असं तिला वाटलं. दोन्ही पुरुषांनी आपापसांत तिला वाचवून टाकलं होतं, तिला न विचारता. आणि रागवायचं तरी कुणावर? बाबांचं वय अठ्ठ्याहत्तर. राजीवला तर तिच्यासाठी घाबरलो की नोकरीसाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

इंग्रजीत 'ही सेज येस' एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. जिभेवर आलेही. पण उद्या दुसरा दुभाषा असणार, बाबा पुन्हा नाही म्हणणार, आणि मग रामिरो नुसता दोषी नाही, खोटे साक्षीदार आणणारा ठरणार. रामिरो पंचाकडे बघावं तसा तिच्या तोंडाकडे बघत होता. हात मांडीवर, बोटं एकमेकांत अडकवलेली.

"नाही म्हणतायत," रेखा इंग्रजीत म्हणाली. "असं काही त्यात नसतं म्हणतायत."

वकीलबाईनं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. ती रामिरोशी स्पॅनिशमध्ये बराच वेळ बोलली, हळू, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसं. रामिरो नुसता "सी, सी" म्हणत राहिला. मग तिनं रेखाचे आभार मानले आणि तिचा चौकोन गेला.

उरले बाबा. ते फोन बंद करायला पुढे वाकले होते, पण त्यांना बटण सापडत नव्हतं. रेखा तेव्हा बोलली असती तर जे तोंडातून आलं असतं ते जन्मभर परत घेता आलं नसतं.

रामिरोनं मोढा पुढे ओढला आणि लॅपटॉपसमोर तोंड नेलं. त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो रेखाला म्हणाला, "त्यांना सांग, वाईट वाटून घेऊ नका. माझा त्यांच्यावर राग नाही. औषध चांगलं होतं सांग. खोकला गेला."

रेखानं शब्दाला शब्द सांगितलं.

बाबा वाकलेले होते तसेच राहिले. मग सावकाश मागे टेकले, चष्मा डोळ्यांवर चढवला, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्यांनी त्या मुलाकडे नीट पाहिलं. पेशंटकडे बघतात तसं, आधी डोळे, मग गळा, मग छाती. त्यांचे ओठ दोनदा हलले. काही तरी सांगतील असं रेखाला वाटलं.

"त्याला म्हणावं," बाबा म्हणाले, "गार पाणी पिऊ नकोस."

"काय म्हणाले?" रामिरोनं विचारलं.

रेखानं सांगितलं. गार पाणी पिऊ नकोस म्हणतायत.

रामिरोनं गंभीरपणे मान हलवली.

"किती दिवस?" त्यानं विचारलं.