चार मिनिटांचे अंडे

वाचकहो, दोन सख्खे भाऊ, एक तळहाताएवढा संगणक आणि एक उकडलेले अंडे यांची हकीकत मी यथामती सादर करीत आहे. हिच्यात कोणी दुष्ट नाही व कोणाचा मृत्यूही होत नाही. तथापि थकल्या हातांनी मायेने केलेल्या कामातही खोट कशी राहून जाते, हे तिच्यातून दिसावे, एवढाच माझा हेतू आहे.

थोरल्याचे दुकान बाजारामागच्या गल्लीत, एका जिन्याच्या पोटात होते. लोकांचे मुके झालेले रेडिओ, घरघरणारे पंखे आणि हट्टाला पेटलेले संगणक दुरुस्त करीत त्याची तीस वर्षे वाकून गेली होती, आणि अलीकडे पाठीनेही तोच आकार घेतला होता. दुकान बंद केले की तो धाकट्या भावाच्या घराचे तीन मजले चढे. दर मजल्यावर थांबे, कठड्याला हात टेके आणि वर पोहोचल्यावर दम लागल्याचे कोणाला कळू नये म्हणून दाराबाहेर उगाच चपला सारख्या करीत बसे.

धाकटा माल चढवण्या-उतरवण्याच्या तळावर क्रेन चालवीत असे. बावीस वर्षे तो उंच काचेच्या खोलीत बसून खालच्या खडूच्या रेघेवर लोखंडी पेट्या अशा ठेवी, की रेघ पुसलीही जाऊ नये. सोबती त्याला ‘घार’ म्हणत. घरात मात्र तो पन्नाशीला आला तरी ‘बारक्या’च होता. गेल्या थंडीत त्याला अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, तोंड सरळ झाले. पण उजव्या हाताची बोटे सरकारी कचेरीसारखी झाली. मनाने हुकूम सोडला की त्यावर बराच विचार होई, आणि मग कुठे हालचाल दिसे.

इस्पितळात व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंनी त्याला संगणकावरच्या खेळाची एक तबकडी दिली होती. पडद्यावर वरून रंगीत फुगे पडत आणि हातातली दांडी हलवून ते टोपलीत झेलायचे असत. एका डावात साठ फुगे, डाव चार मिनिटांचा, शेवटी घंटा. कंपनीच्या डॉक्टरांचे म्हणणे असे, की या खेळात सलग चार दिवस चाळीस फुगे झेलता आले, तरच त्याने क्रेनच्या परीक्षेचे नाव काढावे. कंपनीने एक अर्जही पाठवला होता. त्यात दोन चौकोन होते. पहिल्या चौकोनात खूण केली तर क्रेनची परीक्षा, एकदाच. नापास झाल्यास सेवा समाप्त. दुसऱ्यात केली तर फाटकाजवळच्या वजनकाट्याच्या खोलीत बसून ट्रकांच्या वजनाच्या चिठ्ठ्या फाडण्याचे काम, निवृत्तीपर्यंत. पहिला चौकोन धरून पडल्यावर दुसऱ्याकडे वळण्याची सोय नव्हती.

अशा वेळी धाकट्याच्या घरचा जुना संगणक एके दिवशी करपल्याचा वास सोडून कायमचा थंडावला. थोरल्याने तो उघडून पाहिला आणि हात टेकले. नवीन घेण्याजोगी घरची परिस्थिती नव्हती. त्याच्या दुकानात मात्र एक चिमुकला संगणक पडून होता, कोणा दुकानदाराची जाहिरातीची पाटी चालवून निवृत्त झालेला. आता अडचण अशी, की तबकडीवरचा खेळ मोठ्या संगणकांसाठी लिहिलेला, आणि या चिमुकल्याच्या पोटातली चिप मोबाईल फोनमध्ये असते त्या जातीची. दोघांची भाषाच निराळी. त्या खेळाचे एक अक्षरही तिला कळेना. अशा ठिकाणी एम्युलेटर नावाचा दुभाषी मध्ये बसवावा लागतो. तो खेळाची प्रत्येक आज्ञा ऐकतो, चिपच्या भाषेत सांगतो, उत्तर घेतो आणि पुन्हा उलट सांगतो. एका क्षणात लक्षावधी वेळा. सगळे काम त्याच्या जिवावर चालते, आणि तो दमतो आहे की काय याची चौकशी कोणी करीत नाही.

हे काम थोरल्याला ओळखीचे होते. डॉक्टरांचे बोलणे धाकट्यापर्यंत पोहोचवण्याचे काम गेले चार महिने तोच करीत होता. डॉक्टर म्हणत, ‘फार आशा ठेवू नका.’ घरी येईपर्यंत त्याचे ‘वेळ लागेल’ असे होऊन जाई.

नऊ दिवस दुकानाच्या कामातून वेळ चोरून त्याने खेळ चालता केला. टेबलावर उघड्या ठेवलेल्या संगणकावर मनगटी घड्याळ लावून डाव मोजला. चार मिनिटे, ना सेकंद इकडे ना तिकडे. त्याचा जीव भांड्यात पडला. धाकट्याच्या घरी तो बसवला तेव्हा पहिल्या दिवशी बावीस फुगे आले, मग तेवीस, पुन्हा बावीस. धाकट्याची बायको ते आकडे एका वहीत तारीखवार लिहीत असे. धाकटी कामाची होती, आणि जिभेचीही. उघड्या वायरींकडे पाहून ती म्हणाली, “भाऊजी, हे कोणाचं पोट फाडून ठेवलंय माझ्या टेबलावर?”

थोरल्याला ते लागले. त्याने जुन्या रेडिओच्या सागवानी कपाटाची एक देखणी पेटी केली, कोपरे घासले, पॉलिश केले. फळीवर काही खडखडू नये म्हणून आतून सगळीकडे जाड लोकरी बनात लावली. भोक ठेवले ते फक्त वायरींपुरते, धूळ जाऊ नये म्हणून. पेटी पाहून धाकटी म्हणाली, की आता हे घरात शोभते. बऱ्याच वर्षांत त्याच्या कामाला कोणी असे म्हटले नव्हते.

त्यानंतर हात सुधारू लागला. वहीत एकतीस आले, मग चौतीस, एकोणचाळीस. पाचव्या आठवड्यात धाकट्याने सलग चार दिवस चाळीसच्या वर फुगे झेलले. डॉक्टरांची अट पुरी झाली. त्याने कपाटातून गणवेश काढवला. सदऱ्याचे वरचे बटण निघाले होते, ते त्याने उजव्या हाताने स्वतः लावले. पाऊण तास लागला, बायकोला त्याने हात लावू दिला नाही. अर्ज सोमवारी द्यायचा होता. पहिल्या चौकोनात पेन्सिलीने खूण झालीही होती; फक्त ती शाईने गिरवायची होती.

रविवारी सकाळी थोरला तिथे न्याहारीला गेला. घरचा रिवाज असा होता, की धाकट्याने डाव सुरू केला की धाकटी उकळत्या पाण्यात अंडे सोडी आणि घंटा वाजली की काढी. चार मिनिटांत पांढरे घट्ट आणि पिवळे मऊ होई. धाकट्याला अंडे तसेच लागे. घड्याळ पाहण्याची गरजच पडत नसे.

त्या दिवशी धाकट्याने अंडे फोडले, आत पाहिले आणि बशी सरकवली.

“आज पण दगड,” तो म्हणाला. “अंडेवाला बदल बाई. याच्या कोंबड्या सिमेंट खातात.”

“बदलला की,” धाकटी म्हणाली. “हा तिसरा. गॅस पण बारीक करून पाहिला. महिना झाला, जे अंडं आणते ते घट्टच होतं.”

थोरल्याचा घास हातातच राहिला. त्याने विचारले, कधीपासून. ती म्हणाली, पेटी आणली त्याच्या आसपास. तिने ते सहज सांगितले आणि कप विसळायला गेली. थोरल्याने भावाला, हात ताजा आहे तोवर आणखी एक डाव टाक, असे सांगितले आणि टेबलाखाली मनगट वळवून घड्याळ धरले. पहिले मिनिटभर फुगे ठीक पडले. मग ते हळूहळू जडावले. डोळ्यांना चटकन कळू नये, इतके हळूहळू. घंटा वाजली तेव्हा काटा साडेसहा मिनिटांवर होता. त्रेचाळीस फुगे. पेटीवर हात ठेवला, तर ती कुशीतल्या आजारी पोरासारखी तापली होती.

त्याला सगळे कळून चुकले. चिप फार तापली की जळू नये म्हणून आपली चाल आपणच कमी करते. त्याने तिला सागवानात कोंडले होते आणि वर बनातीचे पांघरूण घातले होते. खेळ वेळ मोजतो तो पडद्यावर उमटलेल्या चित्रांच्या गणतीने. चित्रे सावकाश उमटली की फुगेही सावकाश आणि घंटाही सावकाश. लोकांची यंत्रे गरम का होतात हे तीस वर्षे सांगत आलेल्या माणसाने ही चूक केली होती, आणि केली होती ती पेटी सुंदर व्हावी म्हणून.

तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. गप्प बसावे, तर उद्या अर्ज जाईल, क्रेनची दांडी काही भावासाठी हळू चालणार नाही, आणि वजनकाट्याची खोलीही हातची जाईल. साफ करण्याच्या निमित्ताने झाकण काढून टाकावे, तर आकडे एका दिवसात कोसळतील आणि भावाला वाटेल, दुसरा झटका आला. सांगावे, तर सांगावे कसे? त्याला एकाएकी फार थकवा आला. आतून धाकट्याची शीळ ऐकू येत होती; थंडीतल्या झटक्यापासून त्याने शीळ घातली नव्हती.

थोरला आत आला आणि त्याने पेचकस मागितला.

“बारक्या, पेटी उघडायला लागेल.”

“कशाला? छान चाललंय की.”

“छान नाही चाललेलं. हळू चाललंय. चार मिनिटांचा डाव साडेसहाला संपतोय.”

धाकट्याची शीळ थांबली. त्याने पेटीकडे पाहिले, मग बशीतल्या घट्ट अंड्याकडे. बावीस वर्षे वेग आणि अंतर जोखणाऱ्या माणसाला हिशेब समजावून सांगावा लागला नाही.

“म्हणजे फुगे हळू पडत होते,” तो म्हणाला.

“हो.”

“आणि मी घरभर सांगत सुटलोय, हात चालायला लागला म्हणून.”

थोरल्याने स्क्रू काढले, चिमुकला संगणक बाहेर घेतला आणि शेजारी टेबलपंखा लावला. कोणी सांगितले नव्हते, तरी धाकटीने पाणी उकळत ठेवले. डाव सुरू झाला. फुगे आता पूर्वीसारखे धडाधड येऊ लागले. धाकटा दात आवळून बसला होता. त्याचा खांदा पुढे धावे आणि बोटे मागे राहत. घंटा वाजली. थोरल्याने घड्याळ दाखवले, चार मिनिटे. पडद्यावर आकडा होता सत्तावीस.

धाकटीने अंडे सोलून आणले. पिवळे मऊ होते. “आज बरोबर झालंय,” एवढे बोलून ती बशी हातात धरून उभीच राहिली. कोणी ती घेतली नाही.

“तू ती पेटी केलीच नसतीस तर,” धाकटा म्हणाला.

“तर मधला महिना तुला वाईट गेला असता. हात एवढाच असता.”

“चांगला गेला नाही का पण महिना,” धाकटी हळूच म्हणाली. तिच्याकडे कोणी पाहिले नाही.

थोरल्याने वही ओढून घेतली, पेटीच्या आधीचे पान उघडले आणि बोट ठेवले. “हे बघ. तेव्हा बावीस होते. आज सत्तावीस. हे पाच खरे आहेत. ते पेटीने दिलेले नाहीत.”

“चाळीस व्हायला किती दिवस?”

थोरल्याच्या ओठांवर नेहमीचे उत्तर आले होते. वेळ लागेल, एवढे म्हटले की झाले असते. पण चार महिने प्रत्येक शब्दाचे टोक बोथट करून पुढे देण्याचे काम करून तो दमून गेला होता.

“डॉक्टर म्हणालेत, फार आशा ठेवू नका,” तो म्हणाला. “मी तुला तसं सांगितलं नव्हतं. कदाचित चाळीस होणारच नाहीत, बारक्या.”

मग धाकट्याने अंडे घेतले आणि सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्ले. हात पुसले. अर्ज मागितला. पेन्सिलीची खूण त्याने खोडरबराने नीट घासली, कण फुंकरीने उडवले, आणि दुसऱ्या चौकोनात शाईने खूण केली. उजव्या हातानेच केली. शेपूट किंचित चौकोनाबाहेर गेले. रेघ न पुसता पेटी ठेवणारा माणूस त्या शेपटाकडे पाहत राहिला.

“वजनकाट्याच्या खोलीला खिडकी आहे,” धाकटी म्हणाली. “आणि जिना नाही.”

“घार खुराड्यात,” तो म्हणाला. आणि आपल्याच बोलण्यावर नाकातून थोडेसे हसला. मग त्याने गणवेश हँगरसकट आत नेऊन टाकायला सांगितले. थोरल्याने पेचकस टेबलावर ठेवला. घरी जावे, आडवे व्हावे, असे त्याला वाटत होते. परंतु तीन मजले उतरण्याचेही बळ उरले नव्हते.

“दादा,” धाकटा म्हणाला, “झाकण लाव की परत.”

“कशाला?”

“एक डाव. तसाच.”

थोरल्याने पंखा बाजूला केला, संगणक बनातीवर निजवला आणि एक एक स्क्रू फिरवून सागवानी झाकण बसवले. तो भावाशेजारी खुर्ची ओढून बसला. पहिले फुगे झपझप गेले. दुसऱ्या मिनिटाला पेटी उबदार झाली. मग फुगे जडावू लागले, आणि वरून एक निळा फुगा, कोणाला कसलीच घाई नसल्यासारखा, खाली उतरू लागला. धाकट्याचा खांदा सैल झाला. टोपली त्याच्याखाली आली आणि थांबून राहिली.

धाकटीने गॅस पेटवला नाही. वहीही उघडली नाही.

कथा येथे पूर्ण झाली. माझे शिक्षण बेताचे आहे, म्हणून भाषेत काही उणे राहिले असल्यास ते माझे समजावे. आपापली कामे बाजूला ठेवून आपण येथवर वाचलेत, याबद्दल सर्व वाचकांचा मी मनापासून आभारी आहे.

आपला नम्र,
अण्णा वायरमन